विहीणबाईंनी खोली तयार ठेवली

प्रिय इंद्रजित,

तीन वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन करता आला असता. पण तुझा फोन आला की मी पेपर उचलून गच्चीवर जातो, आणि तुला पडद्यावर आईच्या मागून सरकणारं माझं बनियन तेवढं दिसतं. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर त्या दोन निळ्या खुणांची धास्ती. म्हणून कागद. सकाळपासून हा चौथा. मधल्या वेळात काही काम नसताना दोनदा स्टँडवर जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला चौकशीच्या खिडकीतल्या बंडप्पानं विचारलं, सर, कुणी यायचंय का कुणाला जायचंय? मी तसाच घरी आलो आणि लिहायला बसलो.

तुझी आई फ्रेंच शिकते आहे. तुला तिनं बोंजूरच्या पुढं कळू दिलेलं नाही, पण दिवाळीपासून मोबाइलवर रोज अर्धा तास चालू आहे. पहिले आठ दिवस घरात एकच वाक्य होतं, मी सफरचंद खाते. पुढच्या आठवड्यात एक काळी मांजर दूध प्यायला लागली. मी हसलो, तर म्हणाली, तुम्ही तेवीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवताय, त्यातल्या कितींना सफरचंद खाता आलं? तेव्हापासून मी मनातल्या मनात हसतो. भाषा मात्र अजब आहे बाबा. लिहायची अक्षरं सात आणि उच्चारायची तीन. उरलेली चार आमच्या शाळेतल्या काही गुरुजींसारखी, हजेरीपटावर सही करून घरी गेलेली. आणि आकडे? ऐंशी म्हणजे चार विसा, नव्वद म्हणजे चार विसा दहा. एवढा पुढारलेला मुलूख आणि हिशेब असा, असं मी म्हटलं. बेंबळीचा गुंडाप्पा त्याच्या शेळ्या आपल्या रानात बसवून ओट्यावर चहा पीत होता. तो म्हणाला, बरोबरच हाय की सर, माझ्या बी चार इसा न् धा हैत. तुझ्या सासूबाईंकडंही नेमक्या तेवढ्याच शेळ्या. तेव्हापासून आईला त्या मुलखाबद्दल भरवसा वाटायला लागला.

तर ह्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई सोलांज. तू आणि त्यांची लेक एलोदी शहरात, त्या तिकडं खेड्यात एकट्या, शेळ्यांच्या दुधाचं चीज करतात. दर रविवारी दुपारी दोघी व्हिडिओवर बसतात. दोघींना मिळून शंभर शब्द येत नसतील, पण बोलतात तासभर. शेळी व्याली की करडू दाखवतात, भाकरी थापली की भाकरी. घोळ झाला तो निरोपाचा. तिकडं फोन ठेवताना पुन्हा भेटू अशा अर्थाचं म्हणतात. आईला ते पटेना. भेटू तर रस्त्यातला माणूसही म्हणतो, घरच्या माणसानं येते म्हणावं. आणि जाते हा शब्द तिनं जन्मात कधी घरातून निघताना काढलेला नाही, दळण आणायला निघाली तरी येते म्हणते. म्हणून तिनं त्या मोबाइलमधून ‘मी येते’ शोधून काढलं आणि दर रविवारी, फोन ठेवताना, छातीवर हात ठेवून विहिणीला सांगायला लागली, ज व्हियँ, सोलांज, ज व्हियँ.

चार-पाच रविवार त्या बाई नुसत्या हसल्या. मग त्यांनी शाळेला सुट्ट्या कधी विचारलं. आईनं मे सांगितलं. मग त्यांनी पासपोर्टचे फोटो मागितले. आपल्याकडं कुणीही झेरॉक्स मागितली की कशाला न विचारता आपण देतो, तसे तिनं दोघांचेही पाठवून दिले. तुझ्या पदवीदानाला यायचं म्हणून काढलेले आणि नंतर कपाटात राहिलेले, तेच पासपोर्ट.

परवा पोस्टमननं पाकीट आणलं. त्यांच्या गावच्या नगरपालिकेचा दाखला. आण्णासाहेब आणि कमल ह्या दोघांना बारा मे ते तीन जून आपल्या घरी ठेवून घेईन, असं सोलांजबाईंनी लिहून दिलंय, खाली शिक्का. सोबत एका खोलीचा फोटो. पांढरी चादर, दोन उशा, खिडकीत कुंडी, आणि पलंगाखाली सपातांचे दोन जोड. एक माझ्या मापाचा दिसतो. आई ‘मी तर नुसतं येते म्हणलं होतं हो,’ एवढंच म्हणत राहिली. आता येत नाही असं कळवायची तिला लाज वाटते, आणि येते म्हणायची माझ्यामुळं सोय नाही. दोन दिवस ती भाजीत मीठ घालायला विसरते आहे आणि मी ती तशीच खातो आहे, यावरून काय ते समज.

तो फ्रेंचमधला दाखला कुणी वाचला हे विचारशील. मी वाचला. हसू नकोस. संक्रांतीपासून मोकळ्या तासाला प्रयोगशाळेच्या मागं उभा राहून मीही शिकतोय. माझंही सफरचंद खाऊन झालं, मांजरीचं दूध पिऊन झालं. एकेचाळिसाव्या धड्याला ‘माझा मुलगा’ आलं. त्या दिवशी पुढचा धडा केला नाही.

विहीणबाईंचं म्हणणं, लेकीजावयाला सांगायचं नाही, एकदम दारात उभं करायचं. निदान आई तसं सांगते. पण असं दारात उभं राहायला माणूस त्या लायकीचा लागतो. तिथं लग्न केल्याचं सांगायला तू आलास, तासाभरात बॅग उचललीस, आणि माझं एवढं सगळं ऐकून घेऊनही उंबऱ्यात थांबून ‘येतो, आण्णा’ म्हणालास. आपल्या गावात भांडून निघालेल्या सोयऱ्यालाही ‘या’ म्हणतात. मी ‘जा’ म्हणालो. आई दर रविवारी येते, येते म्हणते तेव्हा मी गच्चीवर उभा असतो आणि मला माझं तेवढं एकच अक्षर ऐकू येतं. तरी काल आईला न सांगता मी अर्ज भरून ठेवला, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला व्हिसासाठी मुंबईला बोलावलंय. दाखल्यावर नगराध्यक्षांची सही आहे, विहीणबाईंची आहे, तुझं काहीच नाही. त्याआधी एकदा फोन कर. आईच्या नाही, माझ्या नंबरावर. मी गच्चीवर जाणार नाही. फार बोलू नकोस, जमलं तर नुसतं ‘या’ म्हण, आपल्या भाषेत. तू म्हणेपर्यंत मी ‘येतो’ लिहीत नाही.

तुझाच,
आण्णा