वस्फियाची हक्कसोड

कुवेत, ११ मार्च १९७४

ती. वस्फियाताईस धाकट्या रुश्दीचा सलाम, वि. वि.

आणि हे तुझं नेहमीचंच, की मी पळून गेलो. ताई, सोळाव्या वर्षी पोटासाठी निघालेल्या पोराला पळपुटा म्हणत नाहीत. बसच्या टपावर माझी वळकटी बाबांनी स्वतः बांधली होती, ते तू सोयीने विसरतेस. मागाहून सदुसष्टची लढाई झाली, परक्यांचं सैन्य येऊन गावावर बसलं, त्यांनी घरोघर माणसं मोजली. मी तेव्हा इथे लाद्या वाहत होतो. मोजणीत नाही तो गावचा नाही, हे त्यांनी ठरवलं. मला कुणी विचारलं?

बाबांच्या मातीला आलो नाही म्हणून हाज दीब काका चारचौघांत बोलले, की दिनार पाठवून मुलगा होता येत नाही. त्यांना म्हणावं, सरहद्दीच्या पुलावरच्या शिपायाला तेवढं पटवा, मी तसाच निघतो, अंगावरच्या कपड्यांनिशी. उन्हाळ्यात महिनाभर पाहुण्याचा परवाना देतात म्हणे. आपल्याच घरी पाहुणा! आणि बाबा गेले ऐन थंडीत.

नोकरी पुन्हा बदलली. हसू नकोस. आधीचा मुकादम मला नुसता 'ए' म्हणायचा. आता आपल्याकडच्याच एका नाब्लुसवाल्याच्या हाताखाली फरशा बसवतो. तो नावाने हाक मारतो, पगार मात्र उशिरा देतो.

मला परत घ्यावं म्हणून तू तिथून अर्ज करशील ना? आणि वरचं जैतुनाचं रान सांभाळ. ते आहे तोवर माझ्या परत येण्याला काही अर्थ आहे. ते गेलं तर मी परत येऊन उभा कुठे राहू?

आईच्या हाताला माझे ओठ. माझ्यावरचा राग ठेव, पण जीवही ठेव.

तुझा रुश्दी


बैत रुम्मान, २० एप्रिल १९७४

चि. रुश्दीस, ताईचा सलाम आणि आईची दुवा.

बरं बाबा, नाही पळालास. घोड्यावर बसून गेलास. झालं समाधान?

आता गोड बातमी ऐक. गेल्या आठवड्यात नाब्लुसला काझींसमोर आई आणि मी, दोघींनी बाबांच्या मिळकतीतला आमचा वाटा सोडला. वरचं रान आता सगळंच्या सगळं तुझं. काझींनी विचारलं, की कुणाच्या दडपणाखाली तर नाही ना? आई म्हणाली, की पोराला आपण जन्म दिलाय, मूठभर माती द्यायला दडपण कशाला लागतं. कचेरीतली माणसं हसली. काकांनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की मुलगी असावी तर अशी.

घरी आल्यावर फव्वाझला चिडवलं, की बायकोच्या जमिनीवर डोळा होता का? तो म्हणाला, की त्याला बायकोच पुरून उरलीय. नवरा म्हणून वाईट नाही रे तो.

गावातल्या नझमियाचं तुला ठाऊक आहेच. तिने भावांकडून वाटा घेतला, तेव्हापासून ईदला तिच्या दारी एक भाऊ फिरकत नाही. माळभर जमीन असून सणाला एकटी बसते. मला जमीन नको, ईदला दार वाजवणारा भाऊ हवा. तो तूर्त कुवेतमध्ये आहे, पण येईल.

वाटा सोडणाऱ्या बहिणीला भावाने मनासारखं काहीतरी घ्यायचं असतं, हे इतकी वर्षं बाहेर राहून विसरला नसशील. मी मागत नाही हं. काकू विचारतात, म्हणून आपलं लिहिलं.

तुझा अर्ज दिलाय. जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती वाढू दे.

तुझी वस्फिया


कुवेत, १९ मे १९७४

ती. ताईस सलाम, वि. वि.

तुझं पत्र खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. आम्ही सहाजण राहतो, सगळे आपल्याच बाजूचे. एकाने लगेच चहा टाकला आणि मला जमीनदार म्हणू लागला. आता फरशी बसवताना ओरडतो, की जमीनदारसाहेब, जरा कोपरा बघा! मी रागावल्यासारखं करतो. खरं सांगू का, आवडतं.

ताई, मला नीट लिहिता येत नाही, पाचवीत शाळा सोडली. तू माझ्यासाठी काय केलंस ते कळलं एवढंच लिहितो. काकूंना सांग, भाऊ विसरला नाही. सोन्याची बांगडी घेतलीय. नाब्लुसवाल्याची बायको उन्हाळ्यात माहेरी येणार आहे, तिच्या हाती देतो. सैल झाली तर हात जाड कर, बदलून मिळणार नाही.

दोन वर्षांत थोडं साठवतो आणि येतो. रानाच्या वरच्या बांधाला एक खोली काढू. खिडकी पश्चिमेला, समुद्र दिसतो तिकडे. फरशी मीच बसवणार, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

आईला औषध वेळेवर दे. भावावर लोभ आहे तसाच असू दे.

जमीनदार रुश्दी


बैत रुम्मान, ८ सप्टेंबर १९७४

चि. रुश्दीस सलाम.

बांगडी मिळाली, बरोबर बसते. पुढचं कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. रान गेलं.

सरकारी माणूस जीप घेऊन आला. परागंदा लोकांच्या मालमत्तेचं खातं त्याच्याकडे आहे. रानाचा मालक कोण, असं त्याने विचारलं. काकांनी छाती काढून तुझं नाव सांगितलं. तो कुठे आहे? कुवेतला. मोजणीत होता? नव्हता. मग मालक गैरहजर, आणि गैरहजराची जमीन सरकार सांभाळणार, असं सांगून तो गेला. बाबा होते तोवर जमीन गावातल्या माणसाची होती. आम्ही दोघींनी वाटा ठेवला असता, तर निम्म्याहून थोडं कमी रान तरी आमच्या नावाने राहिलं असतं. चांगली बहीण व्हायला गेले आणि सगळंच त्यांच्या ओंजळीत घातलं.

मी काझींकडे धावले. ते म्हणाले, की सोडलेला वाटा परत घेता येत नाही, आणि घेतला तरी आता ते खातं ऐकणार नाही. वकिलानेही तेच सांगितलं. त्याच दिवशी तुझ्या अर्जाचं उत्तर आलं, नाही म्हणून. रुश्दी, एका खिडकीवर म्हणतात, मालक इथे नाही म्हणून जमीन आमची. दुसऱ्या खिडकीवर म्हणतात, त्याला येता येणार नाही. मी दोन्ही खिडक्यांच्या मध्ये उभी राहून रडले. पहारेकऱ्याने पाणी दिलं. पोरगाच होता, तुझ्याएवढा.

काका आता दारी येत नाहीत. लाजेने, की माझ्यावरच्या रागाने, देव जाणे. मला हक्क सोडायला तेच घेऊन गेले होते.

जैतुनाची फळं महिन्याभरात उतरवण्याजोगी होतील. तो माणूस म्हणतो, की वर्षाचं अठ्ठेचाळीस दिनार भाडं भरा आणि खुशाल तोडा. नाही भरलं, तर दुसऱ्या कुणाला देतील. फव्वाझ म्हणतो, की भाडं भरलं म्हणजे रान आपलं नाही हे आपल्याच तोंडाने कबूल केलं. आई म्हणते, की झाडांना यातलं काय कळतं, ती आपल्या हाताची वाट बघतात. ती रोज बांधापर्यंत जाते, आत पाय ठेवत नाही. मला काहीच सुचत नाही. तू सांगशील तसं करते.

मला शिव्या दे, पण लिही.

वस्फिया


कुवेत, २ ऑक्टोबर १९७४

ती. ताईस सलाम, वि. वि.

शिव्या कुणाला देऊ? मी तर चहा प्यायलो होतो त्यावर.

पत्र वाचलं त्या दिवशी भाडं द्यायचं नाही म्हणालो. जाळून टाका म्हणालो झाडं. खोलीत सगळे मान हलवत होते. मग नाब्लुसवाल्याला विचारलं. तो म्हणाला, की त्याच्या भावांनी बाणेदारपणे नाही म्हटलं. आता तिथे दुसरंच कुणी तोडतं आणि ते रस्त्यावरून बघतात. मी विचारलं, की भरलं असतं तर परत मिळालं असतं का? तो म्हणाला, की नाही, तरीही नाही. आणि फरशी ठोकत राहिला.

फव्वाझचं खरं आहे, हे मला कळतं. त्याला सांग. पण आईला बांधावर उभं ठेवू नका, आत जाऊ दे. पावती तुझ्या नावाने घे. माझ्या नावाने देणार नाहीत, मी गैरहजर. त्यावर भाडेकरू असं लिहितील. लिहू दे.

पुढच्या वर्षी वाढवून मागतील, तेव्हा आधी कळव. मी आता नोकरी बदलत नाही. काकांना निरोप दे, की मी रागावलेलो नाही. ईदला तुझ्या दारी त्यांनी जावं, माझ्या वतीने. तू काही चुकीचं केलं नाहीस. चांगल्या घरची मुलगी जे करते तेच केलंस.

बांधावरच्या खोलीचं बोलणं आईपाशी काढू नकोस.

माझ्यावर जीव राहू दे.

रुश्दी

ता. क. या पत्रासोबत, गावाकडे निघालेल्या अबू हातिमच्या हाती वर्षाचं भाडं पाठवतो आहे. मोजून घे, अठ्ठेचाळीस दिनार.