स्टेशन रस्त्यावरचा मोर

पण रस्त्यानं एवढ्या मोठ्यानं मोर म्हणायची काय गरज होती, बाबा? मनात म्हणता आला नसता? नजर गेल्यावर तुम्ही पैठणीचा माग दादाच्या हवाली केलात, तरी रोज सकाळी येवल्याच्या स्टेशन रस्त्यानं चालत पदरावरचा मोर धाग्याधाग्यानं म्हणायचात. ‘दोन हिरव्या, एक जरीची, हिरवी सोड...’ आज चोचीकडून, तर उद्या उलटा, शेपटीकडून. हात धरायला मी, शाळेला रामराम ठोकलेला. गल्लीतली पोरं ओरडायची, ‘म्हातारबा, आता नाचा की!’ तुम्ही थांबून म्हणायचात, ‘नाचतो. तुझ्या बापाला सांग ढोल बडवायला.’ ती हसायची, तुम्हीही हसायचात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

घरी आलो की आपलं जुंपायचं. ‘लोक येडा म्हणतात तुम्हाला.’ ‘म्हणू दे. बंद मागावर कोळी जाळं धरतो, तसंच बसलेल्या डोक्यावर. पाय चालले की डोकं चालतं.’ तापानं गेलात त्या संध्याकाळीसुद्धा खाटेवरून दादावर खेकसलात, ‘धागा तुटला तिकडं, ऐकू येत नाय?’ तुटलाच होता.

मी आता मस्कतला आहे, इमारतींच्या परांचीवर कामाला. आपल्या गल्लीतला एक जण नुकताच इथं कामाला आलाय. जेवताना म्हणाला, ‘तुझ्या आईला लय जपतात हां. विसरायला लागली ना ती. चुलीवर दूध ठेवून भलतीकडंच गेली, तेव्हापासून वहिनी खाटेवरून उठूच देत नाय. नुसती बसते आन् बडबडते.’

‘काय बडबडते?’

‘काय की बाबा. हिरवी, जरीची, असलंच कायतरी.’

मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. दारात बसून तुमच्या मागासाठी रेशमाच्या कांड्या भरता भरता तुमचा मोर तिनं कधी उचलला, आम्हाला पत्ताच नाही. आणि तिथं सगळे समजतात, म्हातारी बरळतेय.

तुम्हाला हे कुठं पाठवणार? दादाला मात्र लिहितोय: आईला बसवू नका. सकाळी स्टेशन रस्त्यानं न्या, मोठ्यानं मोर म्हणू द्या, अडली तर सांगा. दादाला येतो तो, मागाच्या खडखडाटात तिचा ऐकू आला नसेल एवढंच. मी इथं परांची चढताना म्हणून बघतो, मोराच्या मानेपाशी अडकतो. तेव्हा शिकलो नाही. दादानं तिच्याजवळ बसायला बाई ठेवायचे पैसे मागितलेत. ते नाही पाठवत. चालायच्या चपलांचे पाठवतोय, चारशे रुपये.