मामाच्या घरचे पिवळे कार्ड

१४ नोव्हेंबर २०११
नवेगाव बांध. ज्युनिअर कॉलेजात सिकलसेलची कार्डे वाटली. पांढरे म्हणजे काही नाही, पिवळे म्हणजे वाहक, लाल म्हणजे आजार. पिवळेवाला स्वतः आजारी नसतो. पण दोन पिवळ्यांचे लग्न झाले तर मुलाला लाल येऊ शकते. समुपदेशक म्हणून दिवसभर हेच सांगत होते. पालकांच्या रांगेतून एक म्हातारा: ‘ह्याच्यावर तांदूळ भेटते का जी?’ रेशनचे कार्डही पिवळेच. मी हसले, मग लाज वाटली.
मनीषा मडावी, बारावी, सतरा वर्षे. पिवळे. धाकटी बहीण रीना, तेरा, आमच्या दवाखान्याची जुनी पेशंट. लाल. वडील श्रावणभाऊ खूश. ‘लहानीचं लाल, मोठीचं पिवळं. मोठी सुटली.’ सुटली नाही, एवढे म्हणायला हवे होते. तोवर ते उठले होते.

१७ नोव्हें.
मनीषा एकटी दवाखान्यात आली. बसली नाही. उन्हाळ्यात लग्न. मामाचा मुलगा, रोशन, इथल्याच प्रतापगडच्या बाजूचा. आई त्या घरून आलेली, म्हणून मुलगी त्या घरी परत जायची. दूध लौटावा म्हणतात. पाळण्यातच ठरते.
तो आवडतो का, विचारले.
‘आवडाचं काय, लहानपणापासून तोच हाय.’ मग दाराकडे बघत, ‘आवडते.’
त्याची तपासणी झाली आहे का? ‘आश्रमशाळेत सुई टोचली होती सगळ्यायले. दोन वर्सं झाले. कार्ड कोणालेच भेटलं नाई.’

१८
कपाटाच्या तळाशी सुतळीने बांधलेला गठ्ठा. आश्रमशाळेचा. कार्डे आली तेव्हा उन्हाळ्याची सुटी लागली होती, मुले आपापल्या गावी. जूनमध्ये नेऊ म्हणून ठेवले. पोचेवर सही माझी.
आधी लाल शोधली. एकही नाही. मग बसले.
रोशन: पिवळे.

२१
रोशन अर्जुनीला ट्रॅक्टरच्या गॅरेजात. हात ऑइलने काळे, कार्ड घेईना; मीच धरून उभी. उशिराबद्दल माफी मागितली. ‘दोन वर्सं कपाटात होतो मी, आता कायले काढून रायल्या?’ मिस्त्रीही हसला. मिस्त्रीला लांब पाठवून सगळे समजावले. मग रोशन हसला नाही.
‘मनीषाले सांगू नका जी. मंडईच्या जत्रेत भेटते ते. मीच सांगतो.’
त्याचा निकाल त्याचा. हो म्हटले.

५ डिसें.
मंडई होऊन आठवडा झाला. मनीषा आली. दोघांनी नाटक पाहिले, जिलेबी खाल्ली. तो काही बोलला नाही.
‘मॅडम, तुमाले मालूम हाय.’
‘एकाचे मी दुसऱ्याला सांगत नाही.’
तोंडाकडे पाहत राहिली. ‘पिवळंच हाय. पांढरं असतं तर तुमी हसल्या असत्या.’
मी रजिस्टर उघडले. त्यात काही शोधायचे नव्हते.
नियम मोडला नाही, असे लिहिता येईल. लिहिणार नाही.

१२ डिसें.
रोशनने तिला फोनवर कबूल केले, तिने घरी सांगितले. आज आई-वडील आले. चार वाट्या मांडल्या: दर गरोदरपणात लाल मूल होण्याची चारांत एक शक्यता. श्रावणभाऊंनी वाट्यांकडे पाहिले.
‘चारातून तीन चांगले. धान बी एवढा येत नाई.’
शेवंताबाई, मनीषाची आई, पहिल्यांदाच बोलली. ‘धान काय रात्रभर रडते?’
मग तीच, माझ्याशी: ‘नाई म्हटलं तर माझा भाऊ माह्या दारात पाय ठेवणार नाई. हो म्हटलं तर…’
डावी वाटी सरळ केली.
श्रावणभाऊ: ‘तुमीच लगन मोडून रायल्या.’
मी मोडा म्हणत नाही. करा म्हणत नाही.
‘मंग तुमी करता काय?’
प्रश्न बरोबर आहे.

२० डिसें.
थंडी पडली की रीना येते. कालपासून वॉर्डात. सलाइन, दोन्ही पाय दुखतात. मनीषा गोळ्या आणायला गेली तेवढ्यात:
‘ताईचं लगन माह्याच्यानं मोडून रायलं काय?’
नाही म्हटले.
‘माह्यावानी होऊ नाई म्हणून ना?’
मी सांगू लागले, नागपूरला पोटातल्या बाळाची तपासणी होते, किती आठवड्यांत जावे लागते, पुढे काय काय करता येते. तिने हे विचारलेच नव्हते. भिंतीकडे वळली.

२८ डिसें.
गठ्ठ्यातली उरलेली कार्डे घरोघर देते आहे. सहा गावे झाली. आज एका घरी मुलगी नव्हती. लग्न होऊन गेलेली. पिवळे. नवऱ्याची तपासणी नाही. तिची आई म्हणाली, ‘दिवस गेले हायेत तिले. काऊन?’
सासरचे गाव लिहून घेतले. उद्या पहिल्या बसने.

३० डिसें.
नवऱ्याचे रक्त घेतले. निकाल यायचा आहे. शाई संपत आली, पेन बदलले, एवढेच आज काम झाले.

६ जाने. २०१२
त्या नवऱ्याचे पांढरे. माझे नशीब. तिचे नाही, माझे.

९ जाने.
रोशन आणि मनीषा मोटरसायकलवर आले. रीना दोघांच्या मध्ये बसून. तिला बाहेर बाकावर बसवले. घरी काय सांगून आले, विचारले नाही.
रोशन: ‘लगन केलं आन् पोटातलं तपासलं आन् लालच निघालं, तं?’
मी म्हटले, ते तुम्ही दोघांनी ठरवायचे.
‘ठरवाचं म्हणजे काय, सरळ सांगा ना जी.’
तोंड उघडले तेवढ्यात मनीषा उठली, दार उघडले आणि रीनाला आत घेऊन आली. ‘हिच्यासमोर सांगा.’
रोशन म्हणाला, ‘येडी झाली काय?’ मनीषा जागची हलली नाही. रीनाने स्टूल ओढले. पाय अजून सरळ टेकत नाहीत.
‘सांगा,’ रीना म्हणाली. ‘माह्यं मले मालूम हाय. पोटातल्याचं सांगा.’
सांगितले. लाल निघाले तर ठेवता येते. ठेवले तर काय, ते हिला विचारा. नाहीतर मुदतीच्या आत, म्हटले, आणि थांबले.
‘नाईतर काय?’ रीनाने विचारले.
‘मुदतीच्या आत गर्भपात करता येतो,’ पूर्ण वाक्य म्हणावे लागले. कोणी उठले नाही.