दादाचा पगार कोण ठरवतं

९ सप्टेंबर, मंगळवार
मोठ्या साहेबांचा पगार वाढल्याची बातमी गुजराती पेपरात. फोटोसकट. दुपारपर्यंत मिलमधल्या प्रत्येक मोबाईलवर फिरली. आम्ही एच.आर.वाले दिवसभर मान खाली घालून बसलो, जणू वाढ आम्हालाच मिळालीय. कँटीनमध्ये गेले तर कापड रंगवणाऱ्या डाइंग खात्यातले लोक बोलता बोलता गप्प झाले. दादा त्यांच्यातच बसला होता. सख्खा भाऊ. तोही गप्प झाला.

११ सप्टें., गुरुवार
आमचे हेड देसाईभाई, त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणे खर्च हाताबाहेर चाललाय. डाइंगच्या परमनंट लोकांनी राजीनामे द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराकडून त्याच मशीनवर उभं राहायचं. पगार जवळजवळ निम्मा.
"संगीताबेन, तुम्ही समजावा. तुमच्या बाजूचे लोक आहेत, तुमची भाषा कळते त्यांना."
मी म्हटलं, त्यात माझा भाऊ आहे.
"म्हणूनच तुम्ही."
खर्च नेमका कोणाचा वाढलाय, हे विचारायचं होतं. जिभेवर आलं होतं. अडाजणच्या आमच्या फ्लॅटचे हप्ते, यांची सुटलेली नोकरी… नाही विचारलं.

१३ सप्टें., शनिवार
खात्यात जाऊन बोलले. वाफ, मशीनचा आवाज, रंगाचा वास घशात. घरची अहिराणी काढली. बाबा गेल्यापासून एवढी सलग कधी बोलले नव्हते, आणि बोलले ती ही वाक्यं. काम तेच ऱ्हाई, काळजी करू नका, वगैरे.
मागून कोणीतरी विचारलं, "मोठा साहेबले बी ठेकामा लेतस का?"
लोक हसले. मीही हसले असते, एरवी.
दादा नाही हसला. बाहेर नळावर हात धूत होता, तिथे गेले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुले धाडं, का तू उनी?"
धाडलं, म्हटलं. आपणहून नाही आले.
"मंग ठीक शे."
ठीक काय त्यात.

१६ सप्टें., मंगळवार
संध्याकाळी गोडादऱ्याला, दादाकडे. तो पाळीवर, हे बघूनच गेले. वहिनी साडीवर खडे चिकटवत बसलेली. "बठ" म्हणाली, हात थांबवले नाहीत. पूजाचं जमत आलंय. मुलगा हजीऱ्याला कंपनीत, माणसं अमळनेरची. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, वडील परमनंट ना? आता वहिनीला झोप नाही.
पूजा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. माझ्याशी गुजरातीतच बोलते, आत्यालाही फई म्हणते. "फई, साहेबनो पगार कोण नक्की करे?"
कमिटी असते, म्हटलं. डायरेक्टर लोकांची.
त्यात कोण असतं?
त्यांच्यासारखेच. दुसऱ्या कंपन्यांचे साहेब.
मग मराठीत विचारलं तिने. "पप्पांचा पगार ठरवताना पप्पांसारखं कोण असतं?"
वहिनी ओरडली तिच्यावर, फईला असं विचारू नये म्हणून. तेवढ्यात मी उठले. बस पकडून घरी.

१९ सप्टें., शुक्रवार
लिफ्टमध्ये मोठे साहेब आणि मी, दोघंच. नीट चौकशी केली. गाव कुठलं? धुळ्याकडचं. "बहु मेहनतु लोको," म्हणाले. घरी कोण कोण आहे, तब्येत कशी आहे. पाचव्या मजल्यावर माझ्यासाठी दार धरून उभे राहिले.
हा माणूस उर्मट असता तर बरं झालं असतं. खाली काय चाललंय हे त्यांना ठाऊक नाही असंही नाही. ठाऊक आहे, पण पोचत नाही. आणि मी त्यांना थँक्यू सर म्हणाले.

२२ सप्टें., सोमवार
देसाईभाईंनी उठवून दिलंय, राजीनाम्यावर आधी सही करील त्याला कायमची दिवसपाळी. झालं. दादाच्या गल्लीत माणसं एकमेकांशी बोलेनात. काशीनाथभाऊंनी आज गुपचूप सही केली, दादाचे बावीस वर्षांपासूनचे शेजारी. वहिनीने फोनवर सांगितलं, त्यांच्या दारात कोणीतरी खरकटं टाकलं. मोठ्या साहेबांच्या दारात कोण टाकणार, तिथवर जायला रस्ताच नाही. राग जवळच्या दारावरच निघतो.
आज घट बसले. गल्लीत यंदा मांडव नाही.

२५ सप्टें., गुरुवार
दादा आला. ऑफिसात, टेबलासमोर. तो अडून बसेल, असं मी मनात धरून चालले होते. खरं तर त्यावरच माझी भिस्त होती. एक जण तरी नाही म्हणेल, आणि तो माझा भाऊ असेल.
"मॅडम, कहाँ करना है?"
हिंदीत. माझ्याशी.
मी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. पेन झाकण लावून परत ठेवलं. दारापर्यंत गेला, मला वाटलं वळेल.
जेवले नाही. यांनी विचारलं काय झालं, म्हटलं पित्त.

२७ सप्टें., शनिवार
उद्या अमळनेरची माणसं पक्कं करायला येणार. वहिनीचा निरोप आला नाही. पूजाचाच फोन. "फई, तमे नहीं आवो तो चालशे, मम्मी म्हणते." पण फोन ठेवला नाही. शेवटी म्हणाली, परमनंट सांगायचं की खरं सांगायचं, यावरून घरात सकाळपासून भांडण आहे. पप्पा खरं सांगा म्हणतात, मम्मी रडते. "तुम्ही सांगा ना, फई. तुम्ही तर समजावता लोकांना."
टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.
विचार करून सांगते, म्हटलं.
आत्ताच देसाईभाईंचा मेसेज. सोमवारपासून कापडाच्या घड्या घालणारं फोल्डिंग खातं घ्यायचंय. तिथे सगळ्या बायका. मीच बोलावं म्हणतात.
दोघांनाही अजून उत्तर दिलेलं नाही.