मास्तरीणबाईंच्या दाराला आतून कडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा शिवणकाम (आता बंद), सध्या राहणार वृद्धांचे शुश्रूषागृह, महिला कक्ष, खिडकीकडची खाट, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही आणि गोड बोलून कोणी काही लिहून घेतलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

पहिले, घर. ते माझे आहे. नवऱ्याचे नाही, सासऱ्याचे नाही. बायकांचे कपडे शिवून शिवून मी ते बांधले. सध्या त्यात मुलगा आणि सूनबाई राहतात. "आई, तिथं तुझी नीट काळजी घेतील," असे म्हणून त्यांनीच मला इथे आणून सोडले. माझ्या पश्चात पुढची खोली आणि तिला लागून असलेले न्हाणीघर माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाईंना, त्या असेपर्यंत, राहायला द्यावे. त्यांच्यानंतर सगळे घर मुलाचे. मधल्या काळात त्यांना कोणी नुसते नाक जरी मुरडले, तर मुलाचा हक्क संपला. मग हा कागद करून देणाऱ्या वकिलीणबाईंनी घर विकून पैसा मास्तरीणबाईंच्याच शुश्रूषेला लावावा.

मास्तरीणबाई कोण, हे मुलाला सांगितलेले आहे, पण सोयीचे विसरण्यात तो पटाईत आहे, म्हणून लिहिते. त्या शाळेत गणित शिकवायच्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजते मात्र सगळे. मी पत्त्यांत लबाडी केली की डाव्या हाताने चापट मारतात. हो म्हणायचे असले की डोळे मिटतात, नाही म्हणायचे असले की तोंड फिरवतात. मागेपुढे कोणी नाही त्यांना.

इथल्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या आहेत, म्हातारी पडली तर दार फोडायला नको म्हणून. पगार पुरत नाही म्हणून बायका कामाला टिकत नाहीत, तेव्हा आमचे अंग पुसायला पुरुष मदतनीस येतो. त्याला आम्ही गोडबोल्या म्हणतो. एका दुपारी, मला डुलकी लागली असे समजून, त्याने दोन खाटांमधला पडदा ओढला. मास्तरीणबाईंचा घशातला आवाज ऐकून मी तो सारला. काय पाहिले ते पोलिसांसाठीच्या जबाबात सविस्तर लिहिले आहे. इथे एवढेच लिहिते की तो अंग पुसत नव्हता, आणि मास्तरीणबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले होते. त्याचा अर्थ त्यालाही ठाऊक होता. मी पाण्याचा तांब्या फेकून मारला, तर म्हणतो कसा, "आजी, स्वप्न पडलं का?"

व्यवस्थापक साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "काकू, तक्रार ज्यांची त्यांनीच तोंडी करायची, असा नियम आहे." जिला वाचा नाही तिने तोंडी! डॉक्टरांनी माझ्या कागदावर 'वयोमानामुळे भ्रम' असे लिहून झोपेची गोळी लावली. ती मी खिडकीबाहेर टाकते. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, या वयात कोण कशाला हात लावेल? उगाच शोभा करू नकोस." मागे सूनबाई हसली, ते मला ऐकू आले.

लेका, आता ऐक. त्याला रूप नको होते, तारुण्य नको होते. जिच्या म्हणण्याला कोणी किंमत देत नाही अशी बाई हवी होती. ती तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला दिलीत. आता त्याला तळमजल्यावर नेमले आहे, जिथल्या बायकांना स्वतःचे नावही आठवत नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरे काय!

दुसरे, बँकेतली शिल्लक. ती मास्तरीणबाईंसाठी ठेवायच्या मदतनिसाच्या पगाराची. मदतनीस बाईच असावी. अंघोळीच्या वेळी न्हाणीघराची कडी आतून लावावी, आणि अंगाला हात लावण्याआधी विचारावे. मी जन्मभर माप घेताना गिऱ्हाइकाला विचारत आले, "हात लावू ना?" माझे काही बिघडले नाही. मास्तरीणबाईंनी डोळे मिटले तरच पुढे जावे.

तिसरे, शिवणयंत्र. ते इथल्या झाडूवालीला. "काकू, मीपण पाहिलंय," असे म्हणणारी ती एकटी. जबाबावर तिचाही अंगठा आहे, आणि त्यापायी तिची नोकरी जाणार हे तिला माहीत आहे. यंत्र तिने आत्ताच न्यावे, माझ्या मरणाची वाट बघू नये. कात्री सूनबाईला. धार चांगली आहे, पण तिच्या जिभेला त्याहून चांगली आहे.

चौथे, ही संस्था. मी फक्त तिचे पूर्ण नाव विचारले, जबाबात घालायला. साहेबांनी मनाशी धरले की म्हातारी देणगी देतेय. लगेच मला नवी उशी आली, सफरचंदे आली, आणि ज्या डॉक्टरांनी भ्रम लिहिला होता त्यांनीच मृत्युपत्रासाठी दाखला लिहून दिला: 'स्मरणशक्ती उत्तम, समज पक्की, बोलणे सुसंगत.' दाखल्याबद्दल मी आभारी आहे. संस्थेला मी छदामही देत नाही.

वकिलीणबाई माझ्या जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी. ती म्हणाली, "काकू, मृत्युपत्र तुमच्या मागे उघडतात." मी म्हटले, "घरादाराचं उघडा सावकाश. जबाब आणि दाखला आजच्या आज पोलिसांत द्या." उद्या सकाळी मास्तरीणबाई आणि मी, दोघी माझ्या घरी पुढच्या खोलीत राहायला जात आहोत. सुताराला कडीचे सांगून ठेवले आहे. मुलाला दारात कळेल.

साक्षीदारांनी मजकूर वाचावा असे कायदा म्हणत नाही. मी त्यांच्यासमोर सही केली एवढेच त्यांनी बघायचे. त्यांनी वाचायला मागितलेही नाही. मास्तरीणबाईंना मात्र मी शब्दन् शब्द वाचून दाखवला. "तुमच्यावर जे झालं ते यात राहू दे का? नको असेल तर फाडते," असे विचारले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, पण तोंड फिरवले नाही. मग त्यांनी डोळे मिटले, आणि मी पेन मागवले.

सही: शिवणवाल्या काकू
ठिकाण: महिला कक्ष, खिडकीकडची खाट
दिनांक: आजचा, सोमवार, भर दुपारी

लिहून देणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीवर असताना सही केली.

साक्षीदार १: संस्थेचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: संस्थेचे व्यवस्थापक (सही व शिक्का)