कार्डवाल्यांची रांग

तिहुआना, मंगळवार

लाडक्या आई,

दोन्ही गालांवर तुझ्या मारिक्रूझचे पापे. मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

तू विचारलंस, सीमेवरच्या त्या खास कार्डाने खरंच वेळ वाचतो का? वाचतो. साध्या रांगेत अमेरिकेची सीमा ओलांडायला तीन तास लागायचे, आता वीस मिनिटांत पलीकडे कामावर. आम्ही कार्डवाले आधीच चौकशी झालेले, विश्वासातले, म्हणून आमच्या गाड्या सहसा तपासत नाहीत.

भीती त्याचीच आहे. टायरवाले एलेउतेरियोकाका म्हणाले, "पोरी, रोज एकाच वेळी निघू नकोस. ते तस्कर लोक तुमच्यासारख्या कार्डवाल्यांच्या गाडीखाली माल चिकटवतात आणि पलीकडे काढून घेतात. मधे सापडला, तर तुरुंगात तू!"

तेव्हापासून रोज आडवी होऊन गाडीखाली बघते. आज तिथल्या धुळीत कुणाची तरी चार बोटं उमटली होती. माल नव्हता. गाडी तशीच सोडून पायी गेले, साध्या रांगेतून.

फोनवर बोलायला धजत नाही, म्हणून लिहितेय. माझा वर्गमित्र गिल्येर्मो घरी आला, फार गोड बोलला, माझी निघायची वेळही विचारून गेला, असं तू सांगितलंस ना?

आई, माझ्या वर्गात गिल्येर्मो नावाचं कुणीच नव्हतं.

दाराला कडी लावून घेत जा.

तुझीच,
मारिक्रूझ