अंगणातलं नाव

प्रिय उज्वला,

त्या शनिवारी सकाळी मी घरामागे देवासाठी तगरीची फुलं तोडत होतो. कंपनीला सुट्टी होती, अंघोळ झाली होती, तोंडात नामस्मरण चालू होतं. भिंतीपलीकडे आईनं खुराड्याची फळी काढलेली ऐकू आली, मग पत्र्यावर ज्वारी पडल्याचा आवाज, आणि मग आईची हाक, "उज्वले, ये बाई. कुठं दडली भवानी? समद्या खाऊन चालल्या, तुझाच पत्ता नाय." माझ्या हातातून परडी सुटली. तुझ्या लग्नापासून आपल्या घरात हे नाव कुणी उच्चारलेलं नाही. मला वाटलं, तू आली आहेस. खरंच वाटलं. दुखता गुडघा विसरून, फुलं तुडवत मी वळसा घालून पुढे धावलो, तर अंगणात आई एकटीच उकिडवी बसलेली, आणि शेवग्यामागून एक तांबडी कोंबडी मोठ्या तोऱ्यात चालत येत होती.

तुला आमचं अलीकडचं काही माहीत नसणार, म्हणून सांगतो. तात्या गेल्यावर आईला मी नांदगावच्या मळ्यातून नाशकात, अंबडला घेऊन आलो. कोंबड्या सोडून ती येईना. शेवटी डालग्यात घालून त्यांनाही एसटीत बसवलं. कंडक्टर म्हणाला, "आजी, यातल्या सवलतीच्या वयाच्या कुठल्या?" आई म्हणाली, "समद्याच. तोंडं बघ पायजे तर." खोटं नव्हतं ते. आपण माळकरी, घरात अंडंसुद्धा शिजत नाही, त्यामुळे आईच्या कोंबड्या म्हातारपणानंच मरतात. अंडी शेजारच्या सगुणाबाई नेतात आणि जाता जाता टोमणा मारतात, "झुंबरभाऊ, एखादी कोंबडीच द्या की. पाप आम्ही घेतो, पुण्य तुम्हाला."

आईचा सगळा दिवस त्यांच्यातच जातो. खुराडं झाडून राख पसरायची, परळातलं पाणी बदलायचं, कांद्याची पात चिरून घालायची, कुणी अंड्यांवर खुडूक होऊन बसली असेल तर तिला उठवून चार दाणे खायला लावायचे. उन्हाळ्यात गोणपाट भिजवून खुराड्यावर टाकते. मी पहिल्या पाळीला निघतो तेव्हा त्या कोंडलेल्या असतात, आणि सुट्टीच्या दिवशी मी पहाटेच गोदाकाठी, गंगेवर जातो. त्या दिवशी गुडघा धरला होता म्हणून राहिलो. एका छपराखाली राहूनही ती सकाळची हाक माझ्या कानावर कधी पडली नव्हती, ती अशी पडली.

मला वाटलं, आईचं भान गेलं. मी जवळ बसून हळूच विचारलं, "आई, मी कोण?" तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "झुंबर, तुला काय झालं रे? उपाशीपोटी चक्कर आली का?" मग मी कोंबडीकडे बोट दाखवलं. म्हणाली, "तिचं नाव हाय ते. नावानं नको बोलवू तर काय शिट्टी मारू?"

धम्मपालशी लग्न करून तू इगतपुरीला गेलीस, तेव्हा जातीपायी तात्यांनी काय केलं ते तुझ्या कानावर आलंच असेल. रामकुंडावर जाऊन त्यांनी तुझ्या नावानं अंघोळ केली. जिवंत मुलीच्या नावानं. ओल्या धोतरानं घरी येऊन सांगितलं, "ती मेली. या घरात पुन्हा ते नाव निघता कामा नये." आईनं तात्यांचा शब्द आयुष्यात मोडला नव्हता. हाही मोडला नाही. त्या शनिवारी अंगणात मला शांतपणे म्हणाली, "घरात नाय म्हनले होते ते. मी घरात कधी घेतलं? अंगणात घेते." तू गेलीस त्याच वर्षी निघालेल्या पिल्लांतल्या एकीला तिनं तुझं नाव दिलं. ती मेली की दुसरीला. आताची ही कितवी ते तिलाही सांगता येत नाही. दर वेळी जी ऐकत नाही, कुंपणाबाहेर जाऊन अंडं घालते, तिलाच हे नाव मिळतं. कोंबड्यांपुढे रोज सकाळी तुझ्या नावानं आई रागावते, लाड करते, जेवलीस का विचारते. मी पायरीवर बसून ऐकत होतो.

"तात्यांना ठाऊक होतं हे?" मी विचारलं. आई हसली. "तर! रोज दिवेलागणीला इचारायचे, ती आली का आत? मी मुद्दाम म्हनायची, ती कोन? नाव सांगा. नाव घ्यायचे नायत. बॅटरी घेऊन सोता हुडकायला जायचे." मग तिनं जे सांगितलं ते मला अजून खरं वाटत नाही. मी इकडे नाशकात होतो तेव्हा मळ्यावर एका संध्याकाळी मुंगसानं त्या कोंबडीची मान धरली आणि तिला कांद्याच्या वाफ्यात ओढत नेलं. तात्या पाय धूत होते. तसेच अनवाणी वाफे तुडवत धावले, आणि ओरडत होते, "उज्वले! अगं उज्वले!" इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या मळ्यातली माणसं काठ्या घेऊन आली. त्यांना वाटलं, पोरीलाच काहीतरी झालं. कोंबडी वाचली नाही. तात्या मूठभर पिसं धरून बांधावर बसून राहिले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच डालग्यातून एक कोवळी तलंग उचलून आईच्या मांडीवर ठेवली. "हिला ठेव." आईनं विचारलं, "काय ठेवू?" म्हणाले, "तुला ठाऊक हाय."

उज्वला, मी त्यांच्या फोटोला रोज फूल वाहतो. त्या दिवशी वाहताना हात मध्येच थांबला. ज्या शब्दाला धक्का लागू नये म्हणून आम्ही सगळे जपून बोलत आलो, तोच स्वतःचा शब्द तुडवत तो माणूस अनवाणी धावत गेला होता. आणि मला कुणी सांगितलंही नाही. त्या दिवसापासून देवापुढे बसलो की जपाऐवजी तुझंच नाव ओठांवर येई. मी ते गिळून टाकी, कारण मी घरात होतो. विठ्ठलाकडे बघायचीही लाज वाटे.

आईच्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तिला माहीत आहे. कोंबड्या खुराड्यात घालतानाही आता दोनदा खाली बसते. अंगणातच मी तिला विचारलं, जाऊया का तिच्याकडे? तर म्हणाली, "ती काय कोंबडी हाय का, हाक मारली की येईल? आन् तुझ्या बापाचा शब्द अजून घरात हाय. कोन्त्या तोंडानं जाऊ?" त्यानंतर मी एकटा एकदा इगतपुरीला येऊन गेलो. गावाकडचा एक जण धम्मपालबरोबर रेल्वेत आहे, त्यानं पत्ता दिला होता. तुमच्या क्वार्टरच्या फाटकापाशी उभा राहिलो, गॅलरीत वाळत घातलेले कपडे बघितले आणि तसाच परत फिरलो. आई बरोबर नसताना मी येऊन काय उपयोग होता? हे पत्र तेव्हापासून अर्धवट लिहून ठेवलं होतं.

आज सकाळी आई चुलीच्या ओट्यापाशी बशीतून चहा पीत होती. मी घराच्या मधोमध उभा राहिलो, जिथून देवघरही दिसतं आणि तात्यांचा फोटोही. मोठ्यानं म्हणालो, "आई, उज्वलाकडे जायचंय. ऊठ." तुझ्या वहिनीच्या हातातलं लाटणं थांबलं. आईनं तात्यांच्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बशी खाली ठेवली. म्हणाली, "परत म्हन." मी परत म्हटलं. मग ती लुगडं बदलायला आत गेली. आता आम्ही तुमच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर आहोत. आल्यापासून आई वर तुमच्या गॅलरीकडेच बघते आहे. आत्ता म्हणाली, "मला काय बोलता यायचं नाय, तू लिहून दे." म्हणून राहिलेलं इथे बाकावर बसून पुरं केलं. हा कागद घेऊन दारात उभी आहे ती आपली आई. थकली आहे, पण ओळखशील. हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं, कारण तिला फार वेळ उभं राहवत नाही. कागद बाजूला ठेव आणि आधी तिला आत घे.

मी खाली फाटकाशी आहे.

तुझाच,
झुंबरदादा